लक्ष्मीबाई टिळक: नवऱ्याने धर्म बदलला, त्यानंतर काय घडलं?

नाशिकजवळच्या जलालपूरमध्ये १८६८ साली लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार मोडला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण धर्म लगेच बदलला नाही. आधी मनातून जातिभेद गेला, मग १९०० मध्ये बाप्तिस्मा.

ख्रिस्ती श्रद्धेत प्रत्येक दुःख ही पापाची शिक्षा नसते. येशूने स्वतः क्रूस सोसला, म्हणून सोसणारा माणूस एकटा नाही, असा हा विश्वास. आणि ज्याने सोसलं, त्याने दुसऱ्याच्या दुःखात धावून जायचं. लक्ष्मीबाई नगरला प्लेगच्या रुग्णांची सेवा करायला गेल्या.

१९१९ मध्ये टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. कधीही शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले.

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे हाल सांगितले, तेही स्वतःवर हसत. १९३६ मध्ये नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. दुःख का आलं, यापेक्षा त्याचं पुढे काय केलं, हे त्यांच्या आयुष्यात जास्त ठळक दिसतं.