गायतोंडे : रेषेचा आधार

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे नाव अलीकडे त्यांच्या कॅनव्हासना लिलावात मिळणाऱ्या कोट्यवधी रुपयांच्या किमतींमुळे वारंवार चर्चेत येते. या चर्चेत त्यांच्या आयुष्यातील एक लहानसे पर्व मात्र झाकोळून जाते. कुंचला उचलणेही कठीण झाले, तेव्हा या कलावंताने कागदाचा तुकडा आणि काळी शाई जवळ केली, ते हे पर्व.

गायतोंडे यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1924 रोजी नागपूरचा. कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपण गेले गिरगावच्या कुडाळदेशकर वाडीत. जिथे आजचे कसाल वसले आहे, त्या कुडाळ परिसराचे नाव मिरवणारी ही चाळवस्ती. घरची परिस्थिती बेताची. मुलाने चित्रकार व्हावे, हे वडिलांना पसंत नव्हते. तरीही त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि 1948 मध्ये पदविका मिळवली. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला.

प्रारंभी त्यांच्यावर भारतीय लघुचित्रांचा प्रभाव होता. नंतर पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराने त्यांना भुरळ घातली. क्लेची रेषा वस्तूची नक्कल करीत नसे, ती मनाच्या हालचालीचा माग काढीत असे. हा धडा गायतोंडे यांनी आत्मसात केला आणि हळूहळू त्यांच्या चित्रांतून माणसे व वस्तू मावळत गेल्या. 1957 मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, 1971 मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले आणि 1972 मध्ये दिल्लीत स्थायिक झाले.

आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेले त्यांना रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते मानीत. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या चिंतनाची त्यांना ओढ होती. गिरगावलगतच्या खेतवाडीत राहून विडीचा व्यवसाय करणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे गाव मालवण तालुक्यातील कांदळगाव. मुंबईहून येताना कसालला महामार्ग सोडून ज्या मालवणकडे वळायचे, तोच हा मुलूख. मौन हा गायतोंडे यांच्या जगण्याचा आणि चित्रांचाही पाया होता. ते वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करीत. उरलेला काळ पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई.

1984 मध्ये दिल्लीत त्यांना अपघात झाला. दुखापत गंभीर होती. उभ्या, मोठ्या कॅनव्हाससमोर तासन्तास काम करण्याची शक्ती राहिली नाही. ज्याने संसार मांडला नाही, माणसांची वर्दळ टाळली आणि सारे आयुष्य एका कामाला वाहिले, त्याच्या हातून तेच काम निसटू पाहत होते.

या काळात त्यांनी लहान कागदांवर शाईने रेखाटने केली. पांढऱ्या अवकाशात काही ठिपके, तुटक फटकारे, न वाचता येणाऱ्या लिपीतील अक्षरांसारखी चिन्हे. रंगांचे थर नाहीत, पोत नाही. चूक झाकण्याची सोय नाही. हात जितका हलतो, तितकीच रेषा. मात्र तिच्यात कुठेही आक्रोश आढळत नाही.

योगायोग असा, की क्लेच्या आयुष्यातही हेच घडले होते. 1935 मध्ये त्याला असाध्य विकाराने गाठले. त्यानंतर त्याची रेषा जाड आणि साधी होत गेली, आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1939 मध्ये, त्याने बाराशेहून अधिक चित्रे व रेखाटने केली.

मनातील कोंडी रेखाटनातून मोकळी करण्याच्या पद्धतीला आज कलोपचार म्हणतात. गायतोंडे यांच्या साधनेला ही पाटी लावणे अप्रस्तुत ठरेल. मात्र भावना व्यक्त करण्यासाठी मोठे साधन किंवा धडधाकट शरीर लागतेच असे नाही, ही या उपचारामागील समजूत त्या लहान कागदांवर स्पष्ट दिसते.

काही वर्षांनी ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. 1990 च्या दशकातील त्यांची चित्रे त्यांच्या श्रेष्ठ कामांत गणली जातात. 10 ऑगस्ट 2001 रोजी त्यांचे निधन झाले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. कॅनव्हासची किंमत बाजार ठरवील. पडत्या काळात त्यांना चित्राशी जोडून ठेवले, ते शाईच्या त्या चार फटकाऱ्यांनी.