विश्लेषण : धनिकांच्या बोटी आखणाऱ्याची ‘स्वस्त’ बोटच कशी टिकली? कोण होते योहान अँकर?

केजहून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावे लागते. तालुक्यातले मोठे पाणी म्हणजे धनेगावचे मांजरा धरण. तरीही ऑलिम्पिकच्या दिवसांत मोबाइलवर शिडाच्या बोटींची शर्यत समोर आली की एक प्रश्न कोणालाही पडतो : जिंकले कोण, बोट चालवणारा की बोट? ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची बोट वेगवान, असे असेल तर त्याला स्पर्धा म्हणायचे का? नॉर्वेचे बोटरचनाकार योहान अँकर यांनी १९२९ मध्ये ‘ड्रॅगन’ नावाची बोट आखली आणि या प्रश्नाला एक ठोस उत्तर दिले. तोवर त्यांचा सगळा व्यवसाय मात्र नेमक्या उलट तत्त्वावर उभा होता.

योहान अँकर कोण होते?

अँकर यांचा जन्म २६ जून १८७१ रोजी नॉर्वेच्या दक्षिणेकडील हाल्डेन शहरालगतच्या बर्ग येथे झाला. हाल्डेन हे लाकडाच्या व्यापाराचे बंदर, आणि अँकर हे तिथले जुने, सधन घराणे. तांत्रिक शिक्षणासाठी ते बर्लिनजवळच्या शार्लोटेनबर्गला गेले. १९०५ मध्ये त्यांनी ख्रिश्चन येन्सेन या कसबी बोटबांधणी कारागिराबरोबर भागीदारी केली आणि ऑस्लोच्या खाडीकाठी, व्होलेन या गावात ‘अँकर अँड येन्सेन’ ही कार्यशाळा उभी राहिली. कागदावरची रेघ अँकर यांची आणि लाकडावरचा हात येन्सेन यांचा. स्वीडनपासून वेगळे होऊन नॉर्वे पूर्ण स्वतंत्र झाला तेही याच वर्षी. कार्यशाळेची कीर्ती थोड्याच वर्षांत उत्तर युरोपभर पसरली.

अँकर यांच्या बोटी लांबट, सडपातळ, दोन्ही टोकांना पाण्याबाहेर हलकेच उचललेल्या असत. ते स्वतःही उत्तम खेळाडू होते. १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये ते उतरले, पण पदक हुकले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ‘माग्दा नववी’ या त्यांनीच आखलेल्या बोटीवर ते दहा जणांच्या चमूत होते आणि नॉर्वेला बारा मीटर वर्गात सुवर्ण मिळाले. आखणारा आणि चालवणारा एकच, असा योग या खेळातही क्वचितच येतो. १९१० मध्ये त्यांचा नीनी रोल अँकर यांच्याशी विवाह झाला. त्या नॉर्वेच्या नामवंत कादंबरीकार होत्या. तिथल्या साहित्यात त्यांचे नाव आजही पतीइतकेच, किंबहुना अधिकच घेतले जाते.

मग अडचण कुठे होती?

त्या काळी मोठ्या शर्यती ‘मीटर’ वर्गांत होत. बोटीची लांबी, घेर, पाण्यावरची उंची आणि शिडांचे क्षेत्रफळ एका सूत्रात घालायचे. उत्तर सहा आले तर बोट ‘सहा मीटर’ वर्गाची, बारा आले तर ‘बारा मीटर’ची. प्रत्यक्षात ‘सहा मीटर’ची बोट दहा मीटरहून लांब भरते, हे ऐकून नवखा माणूस गोंधळतो. सूत्रात बसले की झाले, आकार कसाही चालायचा. लांबी थोडी वाढवा, शीड थोडे कापा, उत्तर तेच येते. त्यामुळे हुशार रचनाकार सूत्रातली फट शोधत, गिऱ्हाईक पैसे ओतत आणि दोन-तीन हंगामांत कालची विजेती बोट जुनी ठरे. अँकर यांच्यासारख्यांचे पोट याच चढाओढीवर चालत होते.

तिचा परिणाम ऑलिम्पिकमध्ये उघडा पडला. १९१२ मध्ये ‘माग्दा नववी’समोर फक्त दोन बोटी होत्या, एक स्वीडनची आणि एक फिनलंडची. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये तर बारा मीटरच्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही वर्गांत एकेकच बोट आली. दोन्ही नॉर्वेच्या. समोर कोणीच नसताना दोन सुवर्णपदके मिळाली. त्यांना विजय म्हणावे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

‘ड्रॅगन’चा जन्म कसा झाला?

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे ध्यानचंद यांच्या संघाने भारताला हॉकीचे पहिले सुवर्ण मिळवून दिले त्याच वर्षी, अँकर यांना दुसरे सुवर्ण मिळाले. सहा मीटर वर्गातील ‘नोर्ना’ या बोटीवर नॉर्वेचे युवराज ओलाव, अँकर यांचा मुलगा एरिक आणि होकोन ब्रुन असे सहकारी होते. अँकर तेव्हा ५७ वर्षांचे होते.

याच सुमारास स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील रॉयल यॉट क्लबने एक रचना स्पर्धा जाहीर केली. बोट हवी होती ती तरुणांना परवडणारी, बांधायला सोपी, शर्यतीत धावणारी आणि सुट्टीत दोघांना आत झोपून खाडीत भटकता येईल अशी. अँकर यांचा आराखडा निवडला गेला आणि १९२९ मध्ये पहिल्या बोटी पाण्यात उतरल्या. नावाबद्दल एक किस्सा सांगितला जातो. अँकर म्हणजे नांगर. स्वीडिश भाषेत लहान नांगराला ‘ड्रॅग’ असा शब्द आहे. रचनाकाराच्या नावावरच्या या कोटीचा परदेशात चुकीचा अर्थ लागला आणि नांगराचा ड्रॅगन झाला.

खरी गंमत नियमात होती. इथे सूत्र नव्हते, एकच आराखडा होता. प्रत्येक बोट त्याच मापाची : लांबी ८.९० मीटर, रुंदी १.९५ मीटर, पाण्याखाली खोली १.२० मीटर. बैलगाड्यांच्या शर्यतीत सगळ्यांना एकाच सुताराची, एकाच वजनाची गाडी दिली तर काय होईल? मग बैल आणि हाकणारा एवढाच फरक उरतो. इथे तर वाराही सगळ्यांना सारखाच. उरतो तो फक्त तीन जणांचा चमू. एकाच मापाच्या बोटींची कल्पना अँकर यांची नव्हे. अमेरिकेतला ‘स्टार’ वर्ग १९११ पासून होता. पण सूत्राच्या खेळातला पट्टीचा माणूस स्वतः या बाजूला आला, याला महत्त्व होते.

कील म्हणजे काय आणि ती का लागते?

धरणात जाळे टाकणारी साधी होडी सपाट बुडाची असते. तिच्यावर उंच शीड चढवले तर वारा तिला आडवी ढकलत नेईल, जोराचा आला तर उलटवेल. कील म्हणजे बुडाखाली घट्ट बसवलेले, माशाच्या पोटाखालच्या पराएवढे ठळक, जड पाते. ते दोन कामे करते. आडवे सरकण्याला पाण्याचा अडथळा उभा करते, त्यामुळे वाऱ्याचा जोर पुढे जाण्यात वापरला जातो. आणि बोट कलली की खालचे वजन तिला पुन्हा सरळ ओढते. ‘ड्रॅगन’चे एकूण वजन सुमारे १७०० किलो, त्यातले निम्म्याहून अधिक या तळच्या ओतीव लोखंडात. मराठीत या धातूला बीड म्हणतात, हा योगायोग बीडच्या वाचकाला आवडावा. शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. ती नागमोडी वळणे घेत चढते. वळण नेमके कधी घ्यायचे, यातच निम्मी शर्यत असते.

अँकर यांनी पुढचा प्रवास पाहिला का?

फारच थोडा. बोट स्कॅन्डिनेव्हियातून स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत पोहोचली आणि तिथल्या क्लबांच्या संघटनेने १९३७ मध्ये ‘ड्रॅगन गोल्ड कप’ सुरू केला. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. ‘नोर्ना’वरचे सहकारी युवराज ओलाव जूनमध्ये वडिलांबरोबर ब्रिटनला निघून गेले. व्याप्त नॉर्वेतच २ ऑक्टोबर १९४० रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी अँकर यांचे निधन झाले. ‘ड्रॅगन’ ऑलिम्पिकमध्ये आली ती त्यानंतर आठ वर्षांनी.

१९४८ मध्ये नॉर्वेच्या थोर थोरवाल्डसेन यांनी ‘पान’ या बोटीवर पहिले सुवर्ण जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्य मिळवले, त्याच ऑलिम्पिकमध्ये थोरवाल्डसेन यांनी सुवर्ण राखले. पुढे मात्र स्वीडन, ग्रीस, डेन्मार्क, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया अशा पाच वेगवेगळ्या देशांकडे ते गेले. बोट सारखी असली की हे घडते.

बोट स्वस्त राहिली का?

नाही. शिडे वाढली, झोपण्याची जागा नावापुरती उरली, आणि माप एकच असले तरी उत्तम लाकूड व उत्तम कारागीर यांचे पैसे वेगळे मोजावे लागले. तरुणांसाठी आखलेल्या बोटीवर राजघराणीही आली. ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांना लग्नाची भेट म्हणून ‘ब्लूबॉटल’ मिळाली. तिनेच १९५६ मध्ये ग्रॅहॅम मान यांच्या हाताखाली कांस्य जिंकले. १९६० मध्ये नेपल्सच्या समुद्रात २० वर्षांचे ग्रीक युवराज कॉन्स्टंटाइन यांनी ‘निरेफ्स’वर सुवर्ण मिळवले. ग्रीसचे ते १९१२ नंतरचे पहिले सुवर्ण होते. तरी फरक लक्षात घ्यावा : युवराजाची बोट इतर दोन डझनांहून अधिक बोटींच्याच मापाची होती.

१९७२ मध्ये कील बंदरात ‘ड्रॅगन’ची अखेरची ऑलिम्पिक शर्यत झाली. भारताचे सोली कॉन्ट्रॅक्टर आणि ए. ए. बसित हेही त्याच पाण्यात ‘फ्लाइंग डचमन’ या वेगळ्या वर्गात उतरले होते. ऑलिम्पिक नौकानयनातील भारताचा तो पहिला सहभाग. ‘ड्रॅगन’ची जागा घेतली फायबरग्लासच्या ‘सोलिंग’ने, आणि तिचे रचनाकार यान लिंगे हेही नॉर्वेचेच. लाकडी बोटींचा जमाना संपला असे मानले जात होते. पण ‘ड्रॅगन’ वर्गानेही फायबरग्लासला परवानगी दिली. अट एवढीच की आकार आणि वजन अँकर यांच्या आराखड्याला धरून हवे. ‘सोलिंग’ २००० नंतर ऑलिम्पिकमधून गेली. ‘ड्रॅगन गोल्ड कप’ अजून भरतो.