हजेरीचं ॲप नव्हतं तेव्हा: जमशेटजी टाटांनी गिरणीत काय मोजलं?

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत किंवा उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात कामाला असाल, तर अंगठा लावून किंवा मोबाइलवरून हजेरी देणं तुम्हाला नवं नाही. कोण किती दिवस आलं, हे ॲप लगेच सांगतं. लोक का येत नाहीत, हे मात्र माणसालाच विचारावं लागतं.

जमशेटजी टाटांनी ते विचारलं. १८३९ मध्ये नवसारीत जन्मलेल्या जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांची गैरहजेरी खूप होती. नुसता दंड लावून भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं. गिरणीत हवा खेळती ठेवली, उकाडा कमी करायची सोय केली. चांगल्या कामाला बक्षिसं ठेवली. १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. आपली काळजी घेतली जाते म्हटल्यावर कामगार टिकू लागले.

यंत्रांचंही तसंच. सूत कातायच्या नव्या रिंग चात्या त्यांनी आधी चालवून बघितल्या. सूत जास्त निघतंय हे दिसल्यावर जुन्या बदलल्या. आज यालाच आपण पायलट टेस्ट म्हणतो.

यात दानधर्म नव्हता, धंद्याचा हिशेब होता. १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. उद्या तुम्ही सुपरवायझर झालात आणि स्क्रीनवर हजेरीचा आकडा लाल दिसला, तर पगार कापण्याआधी शॉपफ्लोअरवर एक चक्कर मारा. पंखे चालू आहेत का, ते बघा.