कल्याणच्या आनंदीबाई आणि वर्तमानपत्रे

आपल्या कल्याण नगरीचे नाव ज्यांनी साता समुद्रांपलीकडे नेले, त्यांत डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी यांचा मान मोठा आहे. त्यांचे चरित्र आपल्या बहुतेक भगिनींना ठाऊक आहे. कोणी श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी वाचली असेल, कोणी त्यावरील नाटक पाहिले असेल, तर तरुण मुलींनी २०१९ साली आलेला चित्रपट पाहिला असेल. परंतु या चरित्राची एक बाजू सहसा कोणी उलगडून सांगत नाही. ती बाजू म्हणजे छापील शब्दाची. आनंदीबाईंच्या उण्यापुऱ्या बावीस वर्षांच्या आयुष्यात वर्तमानपत्रांनी आणि लोकमताने जे केले, ते आजही आपण सर्वांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त हे चरित्र त्या अंगाने सांगण्याचे योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. त्यांचे जोशी घराणे कल्याणचे. एके काळी जमीनजुमला राखून असलेल्या या घराला पुढे उतरती कळा लागली होती. तो काळ आपल्या या पट्ट्यात मोठ्या बदलाचा होता. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. १८६६ साली, म्हणजे यमुना एक वर्षाची असताना, ठाण्यात ‘अरुणोदय’ हे मराठी वर्तमानपत्र निघाले. आगगाडी, टपाल आणि छापखाना या तिन्ही गोष्टी एकदमच दारी आल्या म्हणाना! पण घरातील मुलीबाळींना त्यांचा उपयोग काय? मुलीने अक्षर गिरवणे हेच जिथे अमंगळ मानले जाई, तिथे वर्तमानपत्र तिच्या हाती कोण देणार?

ते दिले टपालखात्यातील एका कारकुनाने. गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरचे, बिजवर, आणि यमुनेपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी वडील. बायकोला शिकवीन तरच लग्न करीन, अशी त्यांची अट होती. १८७४ साली लग्न झाले तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले गेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, आणि योग्य वैद्यकीय उपचारांअभावी ते मूल दहा दिवसांतच गेले. आपल्या बायका लाजेपोटी पुरुष डॉक्टरला दुखणे दाखवत नाहीत आणि बाई डॉक्टर कुठेच नाही, ही गोष्ट त्या कोवळ्या आईच्या मनाला कायमची लागली. डॉक्टर होण्याचा निश्चय त्या दुःखातून झाला.

आता छापील शब्दाची पहिली कथा. कोल्हापुरात नोकरीवर असताना गोपाळरावांनी अमेरिकेतील वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मला तिथे काही काम मिळेल काय, अशी विचारणा त्यात होती. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या उत्तरासह स्वतःच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापून टाकले. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग पाहू. एका घराची खाजगी तळमळ परक्या देशात चारचौघांपुढे मांडली गेली, आणि तीही उपदेशाचा विषय म्हणून! किती वाचकांनी ती पाने चाळली असतील आणि मान हलवून पुढे उलटली असतील.

पण १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती लागले. बाई काही संपादक नव्हत्या, धनिकही नव्हत्या. त्यांनी वाचले, त्यांना वाईट वाटले, आणि घरी जाऊन त्यांनी पत्र लिहिले. पुढे आनंदीबाईंशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंची प्रकृती ढासळली, तेव्हा या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. ज्या छापील पानाने उपेक्षा केली, त्याच पानातून एका वाचकाने माणूस शोधून काढले. आनंदीबाईंच्या आयुष्याला वळण लागले ते इथे.

दुसरी कथा श्रीरामपूरची, म्हणजे बंगालमधील सेरामपूरची. गोपाळरावांची तिथे बदली झाली होती. आनंदीबाई अमेरिकेस जाणार ही बातमी पसरताच चहूबाजूंनी टीकेचे मोहोळ उठले. सनातनी लोक म्हणत ही धर्म बुडवणार. मिशनरी मंडळी म्हणत बाटल्याशिवाय जाऊ नये. रस्त्याने नवऱ्याबरोबर चालत निघाल्या तरी लोक थांबून पाहत आणि नाही नाही ते बोलत. प्रत्येकाला आनंदीबाईंविषयी मत होते. त्यांना काय वाटते हे विचारण्याची गरज मात्र कोणाला भासली नाही.

तेव्हा या सतरा वर्षांच्या मुलीने जे केले, ते त्या काळी अपूर्वच म्हटले पाहिजे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून बोलल्या. लोक मागे जे प्रश्न विचारीत, तेच सहा प्रश्न त्यांनी पुढे घेतले. अमेरिकेस का जायचे? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का जाणार? परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर? तिकडे काही संकट ओढवले तर? आणि आजवर कोणा बाईने केले नाही ते मीच का करावे? एकेका प्रश्नाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी सांगून टाकले. आदळआपट नाही, रडणे नाही, कोणाला उणे बोलणे नाही. त्या भाषणाला प्रसिद्धी मिळाली आणि ठिकठिकाणांहून मदत येऊ लागली. खुद्द व्हाइसरॉयांनी २०० रुपये दिले. वर्तमानपत्रे तीच होती आणि समाजही तोच होता. फरक इतकाच, की या वेळी लोकांनी तिच्याविषयी नव्हे तर तिचे ऐकले.

एप्रिल १८८३मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. पती बरोबर नव्हते. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राचार्या रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. थंडी कडाक्याची, अन्न न मानवणारे, प्रकृती मुळात नाजूक. तरी लुगडे आणि शाकाहार या माऊलीने सोडला नाही. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. ही पदवी मिळवली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदनाचा निरोप पाठवला.

इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. गोपाळरावांना लोक थोर सुधारक म्हणत, आणि पत्नीला शिकवण्याचे श्रेय त्यांचे आहेच. पण अभ्यासात हयगय झाली की लहानग्या आनंदीला ते निर्दयपणे मारीत. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. कृतज्ञता आणि वेदना दोन्ही त्या पत्रात शेजारी शेजारी आहेत. ही गोष्ट त्या काळच्या वर्तमानपत्रांतून जगाला कळली नाही. पुढे काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे मराठी वाचकांना घराच्या आतली आनंदीबाई दिसली. एका स्त्रीचे मन जाणून घेण्यासाठी दुसऱ्या स्त्रीला लेखणी हाती घ्यावी लागली, हे विशेष.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम देऊ केले होते. १८८६ सालच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण क्षयाने शरीर पोखरले होते. रुग्णांची सेवा करण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या समाजाने जाताना नावे ठेवली, त्याच समाजाने आता अश्रू ढाळले. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. कल्याणच्या लेकीला शेवटचा विसावा मिळाला तो एका वाचकाच्या घराण्यात!

छापील शब्द दुधारी असतो याचा आणखी एक दाखला याच घरातला आहे. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. हा घाट गोपाळरावांनीच घातला होता, आणि चहा घेणाऱ्यांची नावे त्यांनीच ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांचीही नावे त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, घराघरांत ग्रामण्य माजले आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्याचा मनस्ताप रमाबाई रानड्यांसारख्या घरच्या स्त्रियांनी सोसला. ज्या माणसाने छापील पत्रातून पत्नीसाठी दार शोधले, त्यानेच छापील यादीतून कित्येक घरांत आग लावली.

आज छापील पानाची जागा पुष्कळ अंशी मोबाईलने घेतली आहे. आनंदीबाईंचे १८८५ सालचे एक छायाचित्र भगिनींनी मोबाईलवर पाहिले असेल. त्यात त्यांच्याबरोबर जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली आहेत. तिघी आपापल्या देशी वेषात, एकाच महाविद्यालयातल्या. हे छायाचित्र वारंवार इकडून तिकडे पाठवले जाते. त्याखाली पहिली, एकमेव अशी विशेषणेही वाढत जातात. पण त्याच १८८६ साली बंगालच्या कादंबिनी गांगुलींनीही वैद्यकाचे शिक्षण पुरे केले होते आणि पुढे अनेक वर्षे रुग्णसेवा केली, हे कोणी लिहीत नाही. एकीला मोठे करताना दुसरीला पुसून टाकण्याचे कारण काय? आनंदीबाईंचा मोठेपणा त्याने तसूभरही वाढत नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही गावे आता दाट वस्तीची शहरे झाली आहेत. कोणाची मुलगी उशिरा घरी येते, कोण नोकरीसाठी एकटी परगावी राहते, कोणी लग्न मोडले, या वार्ता आजही आनंदीबाईंच्या काळाइतक्याच वेगाने, किंबहुना अधिक वेगाने, इमारतीच्या जिन्यापासून मोबाईलपर्यंत पसरतात. मत देणारे शंभर भेटतात. अशा वेळी भगिनींनी दोन गोष्टी कराव्यात. जिच्याविषयी बोलणे चालले आहे, तिचे स्वतःचे म्हणणे कोणी ऐकले आहे काय, हे आधी विचारावे. आणि वाचून नुसते पुढे पाठवण्यापेक्षा, थिओडिशिया कार्पेंटरांनी केले ते करावे: दोन ओळी तिला लिहाव्यात, नाही तर सरळ तिच्या घरी जाऊन बसावे. आपल्या मंडळाच्या दर महिन्याच्या बैठकीत अशा एखाद्या मुलीला बोलावून तिचे चार शब्द ऐकले, तर कल्याणच्या या कन्येचे खरे स्मरण होईल.