दुय्यम जागेवरचा थोर माणूस

विजयाचे श्रेय सेनापतीला मिळते. त्याच्या पाठीशी उभा राहणारा सहसा विस्मृतीत जातो. जिमी मर्फी यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे. १९१० साली वेल्समधील ऱ्होंडाच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यात जन्मलेले मर्फी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून व वेल्सकडून फुटबॉल खेळले. महायुद्धाच्या अखेरीस मॅट बझ्बींनी इटलीत त्यांच्यातील शिक्षक हेरला आणि मँचेस्टर युनायटेडमध्ये त्यांना आपल्यासोबत घेतले. तेथे त्यांनी कोवळी मुले घडविली. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघाताने तो संघ उद्ध्वस्त झाला. ८ खेळाडू प्राणास मुकले, बझ्बी मृत्युशय्येवर होते. वेल्सच्या सामन्यासाठी कार्डिफला गेल्यामुळे मर्फी बचावले होते. शोक गिळून त्यांनी नवख्यांची मोट बांधली. १३ दिवसांनी संघ मैदानात उतरला, जिंकला आणि मे महिन्यात एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली वेल्सने विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली. बझ्बी परतताच मात्र ते निमूटपणे आपल्या दुय्यम जागी गेले. १९८९ साली ते निवर्तले. ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांचा पुतळा उभा राहण्यास २०२३ साल उजाडावे लागले. खुर्चीसाठी हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी, हाती आलेली खुर्ची सन्मानाने परत करणारा हा माणूस अवश्य आठवावा.