डॉ. भीमराव आंबेडकर : कायदा आणि बंधुता

प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायातील गोष्ट आपणांस ठाऊक आहे. पौलास फटके मारण्याकरिता बांधले असता त्याने आपण रोमी नागरिक असल्याचे कळविले, आणि सरदार भ्याला. सरदाराने तो हक्क पुष्कळ द्रव्य देऊन मिळविला होता. पौलास तो जन्मतःच लाभला होता. आपल्या देशात मात्र जन्मामुळेच लक्षावधी मनुष्यांस पाणवठाही बंद असे. ही रीत कायद्याने मोडावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांस गोणपाटावर निराळे बसावे लागे, व शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्यांची तहान भागत नसे. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या साहाय्याने ते 1913 साली न्यूयॉर्क येथे गेले, व नंतर लंडन येथे शिकून बॅरिस्टर झाले.

20 मार्च 1927 रोजी त्यांनी महाड येथे हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने पूर्वीच केला होता, तरी त्या दिवशी अनेकांनी मार खाल्ला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा हजारो लोक जमले असता न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. लोक तुरुंगात जाण्यास सिद्ध होते. तथापि बाबासाहेबांनी त्यांस थोपविले व दावा चालविला. निकाल 1937 साली उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने लागला. पाण्याच्या एका ओंजळीकरिता दहा वर्षे लोटली!

आपल्या नाशकातही 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातील दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. कित्येक वर्षे खटपट करूनही दारे उघडली नाहीत. अखेर 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवले येथे डॉक्टरसाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असा निश्चय प्रकट केला.

1947 साली ते राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या त्या घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंचविसाव्याने प्रत्येकास आपला धर्म पाळण्याची व त्याचा प्रसार करण्याची मोकळीक दिली. खेड्यातील उपदेशक आज वचन सांगतो, तो या कलमाच्या आश्रयाने सांगतो. मजुरास व जमीनदारास मत एकेकच. हे नागरिकत्व कोणी विकत घेतलेले नाही.

तरीपण बाबासाहेब एवढ्याने निश्चिंत झाले नाहीत. मतदानात समता आणि गावात विषमता, अशी स्थिती राहिल्यास राज्याची इमारत ढासळेल, असे त्यांनी घटना-समितीस बजाविले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तिन्ही एकत्र नांदावी, आणि बंधुता नसल्यास पहिल्या दोहोंस केवळ शिपायाच्या बळावर उभे राहावे लागते, असा त्यांचा विचार होता.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि 6 डिसेंबर रोजी दिल्लीत ते निवर्तले. ख्रिस्ती झालेल्या लोकांतही जातिभेद उरला आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेविले आहे. हा बोल आपणांस झोंबतो. परंतु खोटा म्हणून टाकून देता येईल काय? मुलीचे लग्न ठरविताना, पंगतीस बसताना, मंडळीचे वडील निवडताना आपण पूर्वीची जात विचारीत नाही काय? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय आपण मोठ्याने वाचतो, आणि घरी येऊन विसरतो.

कायद्याने विहीर खुली केली; मन खुले करणे त्याच्या हाती नाही. ते काम आपल्या प्रभूने आपणांकडे सोपविले आहे. म्हणून पुढील प्रभुभोजनाच्या आधी प्रत्येकाने आपल्या शेजारच्या आळीत जाऊन ज्याच्या घरी आजवर पाणी घेतले नाही, त्याच्या घरी बसून एक पेला पाणी मागून घ्यावे.