बंद पाकिटातला खडा दिसतो तो या माणसामुळे, पण त्याने पेटंटच घेतलं नाही

नाशिकच्या गंगापूर रोडवर दुकानातून बेदाण्याचं पाकीट घेतलं, घरी फोडलं आणि दाताखाली खडा आला, तर? मोठ्या फूड फॅक्टऱ्यांमध्ये हे टाळायला पट्ट्यावरून सरकणारी बंद पाकिटं एक्स-रे मशीनमधून जातात. खडा, काच, धातू बेदाण्यापेक्षा जास्त घन. ते किरण जास्त अडवतात, त्यामुळे चित्रात गडद ठिपका येतो आणि मशीन ते पाकीट बाजूला ढकलतं. (केस किंवा पातळ प्लास्टिक मात्र यातून सहज निसटतं.)

हे किरण सापडले विल्हेल्म रॉन्टजेन यांना.

जन्म २७ मार्च १८४५, जर्मनीतलं लेनेप. हॉलंडमध्ये शिकत असताना कुणीतरी मास्तरांचं व्यंगचित्र काढलं. काढणाऱ्याचं नाव सांगायला विल्हेल्मनी नकार दिला आणि शाळेतून यांचीच हकालपट्टी झाली. पुढे झुरिकला प्रवेश मिळाला, १८६९ मध्ये डॉक्टरेटही झाली.

८ नोव्हेंबर १८९५. वुर्झबुर्गच्या प्रयोगशाळेत काळ्या कागदात गुंडाळलेली नळी चालू होती आणि लांबचा रासायनिक पडदा आपोआप चमकू लागला. पुढचे काही आठवडे रॉन्टजेन जवळपास प्रयोगशाळेतच राहिले. अनोळखी किरण, म्हणून नाव दिलं ‘एक्स’.

पत्नी बर्था यांच्या हाताचा अंगठीसकट फोटो सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच काळात त्यांनी लाकडी बंद पेटीतल्या वजनांचाही फोटो काढला होता. पेटी न उघडता आत काय आहे ते दिसलं! स्वतःच्या बंदुकीच्या धातूतला दोषसुद्धा त्यांनी असाच टिपला. आजचं पाकीट तपासणारं मशीन तेच करतं, फक्त भराभर.

आणि हो, एक्स-रेमधून गेलेलं अन्न किरणोत्सर्गी होत नाही. किरण आरपार जातात, मागे उरत नाहीत.

१९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांनाच मिळालं. बक्षिसाची रक्कम त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली. पेटंट घेतलं असतं तर पैशाला तोटा नव्हता, पण शोध सगळ्यांचा असावा म्हणून तेही टाळलं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत महागाई भडकली आणि म्हातारपणी हाताशी असलेली बचत मातीमोल झाली.

१० फेब्रुवारी १९२३ ला म्युनिकमध्ये आतड्याच्या कॅन्सरने ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे बरेचसे कागद जाळून टाकण्यात आले.